दोन रेघा पेट्रोल

स्कुटीचा पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या जरा खाली अडकला, तेव्हा मला झालेला आनंद कुणाला सांगण्यासारखा नव्हता. पेट्रोल भरा, काटा तिथेच. गाडी गावभर फिरवा, काटा तिथेच. आमच्या घरात इतकं मुकाट बसणारं दुसरं कुणी नाही.

आनंदाचं कारण माझे सासरे, उकंडराव. मी त्यांना मामाजी म्हणते. मालेगाव-शेलूबाजार लाईनीवर त्यांनी उभी हयात काळीपिवळी जीप चालवली. डोळ्यांनी दगा दिला तशी जीप विकली, पण ड्रायव्हरकी काही सुटली नाही. रोज संध्याकाळी अंगणात स्कुटीसमोर उभं राहायचं, चाबी फिरवायची, भिंग लावून काटा बघायचा आणि मला हाक मारायची.

"बाजारातच गेलती ना? मंग काटा इतका काहून उतरला?"

कुठल्या गल्लीला किती पेट्रोल लागतं, हे त्यांना पाठ. पंपावरची माणसं त्यांच्या ओळखीची, म्हणजे तिथं गुपचूप भरायचीही सोय नाही. काटा बघून झाला की चाबी त्यांच्या बंडीच्या खिशात. माझा नवरा सतीश पुण्याला कंपनीत आहे. तो फोनवर म्हणतो, "बाबाचा सोभावच तसा हाय, तू मनावर नको घेऊ." पुण्यात बसून मनावर न घेणं सोपं आहे.

मला जायचं असायचं जऊळक्याला. तिथं माझी मोठी बहीण, दुर्गाताई, एकटी राहते. तिला लकवा मारला, उजवी बाजू गेली. शेजारीण भाकर आणून देते, पण न्हाऊ कोण घालणार, डोकं कोण विंचरणार? आणि नेमकी तिच्याच दारी जायची मला बंदी. माझ्या मुलीच्या, साक्षीच्या लग्नात, भर पंगतीत, ताई मामाजींना म्हणाली होती, "मामाजी, तुमची जीप जलमभर बिना परमिटची फिरली, अन् माह्या बहिणीले आंगणाबाहीर जायले परमिट लागते!" पंगत हसली. मामाजी ताटावरून उठले. तेव्हापासून जऊळक्याचं नाव घरात काढायचं नाही.

तरी मी जायची. निघायचं बाजाराच्या नावावर, आणि येताना जऊळक्याच्या टेशनाजवळच्या टपरीवरून बाटलीतलं पेट्रोल टाकून काटा होता तिथं आणून ठेवायचा. मग काटाच अडकला आणि तीही कटकट गेली. टाकीत किती उरलं, ते गाडी हलवून कानानं ऐकायची सवय झाली.

एका रविवारी चहा पिता पिता मामाजी म्हणाले, "आज काटा खोलू."

"मेकॅनिककडं नेऊ ना," मी म्हटलं. तिथं नेलं असतं तर महिनाभर ढकलता आलं असतं.

"मेकॅनिक जुनं पाह्यतच नाई, नवंच टाकते. इथंच करू. माहे हात कापते, तुह्ये काय कापून राह्यले?"



आधी त्यांनी मला सीट काढायला लावली. टाकीवरून येणारी वायर जिथं जोडलेली असते तो जोड ओढायला सांगितला. ओढला. काटा धपकन शून्यावर.

"आता त्या दोन टोकाइले तार लाव."

लावली. काटा सरसर चढून फुल्लवर गेला.

"पाह्य," मामाजी खुलले. "काटा बरा हाय, वायर बरी हाय. खोट टाकीत हाय. टाकीत फ्लोट असते, पेट्रोलवर तरंगते. तो अडकला. जाय, गॅस बंद करून ये. चाबी काढ. अन् अंदर जाऊन बसू नको, लवकर ये."

मी गॅसपाशी थोडी उभी राहिलेच. मागच्या दाराला कडी होती. उघडून जाणार कुठं? चाबी तर मीच काढून देणार होते. माझ्याच हातानं मी काटा चालू करणार आणि उद्यापासून तो संध्याकाळी माझी चुगली करणार.

"झोपली काय वं?" बाहेरून आवाज.

आले. टाकीवरचे स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि लांब दांडीचा फ्लोट हळूच तिरपा करत बाहेर घेतला. दांडीला प्लॅस्टिकच्या गुलाबी पन्नीचा तुकडा गुंडाळला होता. त्यानंच दांडी वर-खाली होत नव्हती.

बाटलीचं झाकण हरवलं की टपरीवाला तोंडात पन्नी कोंबतो. एकदा घाईत ती फाटून अर्धी टाकीत गेली असणार. मला वाटत होतं, नशिबानं काटा अडकला. अडकवला मीच होता.

मामाजींनी हात पुढं केला. तुकडा बोटांत चोळला, डोळ्यांजवळ नेला, नाकाजवळ नेला.

"हे पंपावरचं नोय. बाटलीचं बूच हाय. कोन्या टपरीचं?"

मालेगावातली प्रत्येक टपरी त्यांना माहीत. खोटं तरी कुठलं सांगायचं?

"जऊळक्याची. टेशनाजवळची."

माझ्या हातातल्या फ्लोटवरून थेंब गळत होते.

"ते काय म्हणते आता?" पन्नी चोळतच त्यांनी विचारलं.

"ताई? काईच नाई म्हणत. तिचं तोंड वाकडं झालं, मामाजी. पाणी मांगायचं म्हणलं तरी 'प' वरच अटकते."

मामाजींनी पन्नी खाली टाकली. "बसव तो फ्लोट. रबर नीट लावजो, नाईतर गळन."

बसवला. जोड लावला, चाबी फिरवली. काटा उतरत उतरत पावच्या वर थांबला. खराखुरा. मामाजींनी चाबी काढली आणि बंडीच्या खिशात टाकली. नेहमीसारखी.

सोमवारी सकाळी मी त्यांच्या खाटेसमोर जाऊन तळहात पसरला. इतक्या वर्षांत त्यांना मी पहिल्यांदा निघायच्या आधी खरं गाव सांगणार होते.

"कुठी?"

"जऊळक्याले. ताईचं डोकं धुवायचं हाय."

त्यांनी तंबाखू मळली, झाडली, तोंडात टाकली. माझा हात तसाच.

"जायच्या-यायच्या दोन रेघा लागते," ते भिंतीकडं बघत म्हणाले. "तिसरी उतरली तर चाबी इसरजो. अन् बाटलीचं टाकू नको. इंजन खाते ते."

चाबी हातावर पडली. थंडगार.

जऊळक्यापर्यंत मी रस्ता कमी आणि काटा जास्त पाहिला. एक्सलेटर पिळायला धजेना. वाटेत बोरं मस्त होती, पण वळले नाही. ताईच्या दारात पोचले तेव्हा बरोबर एक रेघ उतरली होती.

ताईला न्हाऊ घातलं. पंच्यानं डोकं पुसून मी कंगवा घेतला, तशी तिनं डाव्या हातानं दाराकडं खूण केली. "घा... घाई...?" दर वेळी तिचे केस ओले असतानाच मी पळालेली असायची.

मी दारातून स्कुटीकडं पाहिलं. ती उन्हात उभी होती. उभी गाडी काही पीत नाही. दिवसभर उभी राहिली तरी काटा कुणाला काय सांगणार? एवढी ड्रायव्हरकी केली, पण हे मामाजींच्या ध्यानात कसं आलं नाही, कोण जाणे. की आलं होतं?

"नाई वं ताई. आज वाळू दे केस," मी म्हटलं आणि पदर खोचून तिच्या मागं बसले.

केस वाळले. मग मी तेल लावायला घेतलं, आणि इतकं लावलं की ते पुन्हा धुवावे लागले.