करंजाखालचं लुगडं

सायवनच्या पाड्यावर नवशीइतकी ताठ मानेची बाई दुसरी नव्हती. तिचा नवरा काळ्या गेला तेव्हा घरामागच्या उतारावर त्यानं लावलेले करंज तेवढे मागे राहिले. उताराचा दुसरा अर्धा भाग धाकट्या दिराचा, प्रविणचा. तिथं निलगिरी सरळसोट वाढली होती आणि प्रविणचं नाकही तिच्याबरोबर वर गेलं होतं.

नोटा बंद झाल्या त्या सालच्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "वहिनी, करंज तोडू. सगळीकडं निलगिरीच लावू. दादाच्या झाडांनी काय दिलं?"

नवशीला रडणं जमत नसे, भांडणं जमे. ती भांडली. शेवटी प्रविणची लेक कविता मध्ये पडली. ती शेतकीचं शिकत होती. "मातीत डोळ्याला न दिसणारे जीव असतात, काकी. ते सुती कापड खातात. दोन्ही झाडांखाली कापड पुरू. जिथं कापड सडेल, तिथली माती जिवंत. ते झाड ठेवायचं."

प्रविण हसला. "माती काय जेवते का?" पण कबूल झाला. नवशीनं आपलं जुनं सुती लुगडं फाडलं. एक तुकडा करंजाखाली गेला, एक निलगिरीखाली.

दसऱ्याला सगळ्यांदेखत उकरलं. दोन्ही तुकडे धड! पाडाभर हशा पिकला. शेजारची सोनीबाई म्हणाली, "धुऊन नेस आता!" नवशीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. प्रविणनं कुऱ्हाडीला धार लावायला घेतली.

कविता मात्र करंजाखालची उघडी जमीन बघत होती. "काकी, इथला पाला कुठं गेला?"

कुठं जाणार? राबाला. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून भाजायचा, ही तर पाड्याची जुनी रीत. नवशी दर उन्हाळ्यात करंजाखालचं पानन् पान झाडून न्यायची आणि वर स्वच्छ अंगणाचा तोरा मिरवायची. निलगिरीचा पाला राबाला कुणी घेत नसे आणि तो लवकर कुजतही नसे, तिथंच ढीगभर साचलेला. ज्या झाडांसाठी ती भांडत होती, त्यांच्या मातीच्या तोंडचा घास तीच काढून घेत होती. ते कळलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

"एक पाऊस दे, प्रविण," ती म्हणाली. "तेव्हाही कापड धड निघालं तर पहिली कुऱ्हाड मी घालीन."

वहिनी मागतेय म्हटल्यावर प्रविणला नाही म्हणवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिनं करंजाखाली झाडू लावला नाही. राब शेणाचा आणि भुशाचा भाजला. बाया नाकं मुरडत होत्या, "हिचं रोप वर येतंय होय!" रोप आलं, जरा विरळ आलं, पण आलं. उरलेल्या लुगड्याचे दोन तुकडे पुन्हा मातीत गेले.

पुढच्या दसऱ्याला प्रविणनंच फावडं घेतलं. निलगिरीखालचं कापड जरासं काळवंडलेलं, पण झटकलं तर डोक्याला बांधता येईल असं. मग तो करंजाकडं आला. कुजक्या पाल्याखाली माती काळी, भुसभुशीत, पहिल्या घावालाच मोकळी झाली. कापड सापडेना. त्यानं हातानं चाचपलं. वर आली ती नुसती काठाची शिलाई, नायलॉनच्या दोऱ्याची. बाकीचं लुगडं मातीनं खाल्लं होतं.

कुणी हसलं नाही. नवशीनं तो दोरा बोटाला गुंडाळला. काळ्यानं खांद्यावरून पाणी आणून ही झाडं जगवली होती.

"हाय गं वहिनी, जेवते माती," प्रविण हळूच म्हणाला. घामानं निथळत तो आपल्या अर्ध्या उताराकडं बघत राहिला. "माझ्या बाजूलाही करंज जगतील काय?"

नवशीनं निलगिरीखालचं ते धड कापड उचललं, झटकलं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं.

"घे, घाम पूस. लय खड्डे खणायचे हायत आपल्याला."