पाहुण्यांसाठी ठेवलेला बूम

कंपनीत आपत्कालीन सराव कसा होतो ते आधीच सांगून टाकलेलं बरं. सराव बुधवारी सकाळी दहाला, हे महिनाभर सगळ्यांना ठाऊक असतं. मंगळवारी संध्याकाळीच बोटी जागेवर नेऊन बांधतात. बुधवारी दहाला भोंगा वाजतो, हेल्मेट घातलेली माणसं दहा पावलं धावतात, सेफ्टी ऑफिसर प्रशांत सर स्टॉपवॉच दाबतात, आणि जिथे पोचायला अर्धा तास लागतो तिथे टोळी चार मिनिटांत पोचली असं कागदावर येतं. मग फोटो, मग बिर्याणी. खलास.

या टोळीचा फोरमन बदरुद्दीन. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा, बापजाद्यांचा धंदा मासेमारीचा. ओमानमधल्या बातिना किनाऱ्यावरच्या या बंदरात (नाव सांगत नाही, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको) तो अकरा वर्षं होता. समुद्राचा तळ खणून इथे जहाजांसाठी सात किलोमीटरचा कालवा काढलाय, एका वेळी एकच जहाज जाईल एवढा. त्यात तेल सांडलं तर ते अडवायचं, हे टोळीचं काम. अकरा वर्षांत तेल कधी सांडलं नव्हतं, म्हणून टोळी फार तरबेज आहे असा सगळ्यांचा समज होता.

यंदाचा सराव मात्र गळ्याशी आलेला. एकतीस डिसेंबरला कंपनीचं कंत्राट संपत होतं आणि ते वाढवायचं की नाही हे ठरवायला बंदर खात्याची तपासनीस स्वतः येणार होती. सराव फसला की टोळी बरखास्त, टोळी बरखास्त की व्हिसा रद्द. बदरुद्दीनची मुलगी मुस्कान मस्कतमधल्या अझैबाच्या फ्लॅटमध्ये बारावीचा अभ्यास करत होती. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आणि डिसेंबरात परतीचं विमान, म्हणजे पोरीचं वर्ष पाण्यात. बदरुद्दीनला आताशा जेवण गोड लागत नव्हतं.

भरवसा होता तो नव्या बूमवर. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारा लांबलचक नारिंगी पट्टा. तेलाभोवती आडवा धरला की तेल पुढे सरकत नाही. दोनशे मीटरचा हा बूम दीड वर्षापूर्वी आला, तेव्हापासून प्लास्टिकच्या वेष्टनात, कुलूपबंद कंटेनरात होता. खराब होऊ नये म्हणून. तपासनीस येईल तेव्हा तिच्यासमोर कोरा करकरीत काढायचा, असं ठरलेलं. जुना बूम फाटला होता, त्याचे तुकडे शुक्रवारच्या क्रिकेटला बाउंडरी म्हणून लागत.

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. बदरुद्दीनला तर मुळीच नाही. त्याच्या घरी बायकोने, खतिजाने, रुवीच्या बाजारातून आणलेला सोनेरी काठाचा सहा कपांचा सेट दहा वर्षं शोकेसमध्ये होता. तो पाहुण्यांसाठी. पाहुणे येत, पण इतके मोठे पाहुणे अजून कोणी आले नव्हते.

बुधवारी सकाळी सव्वानऊला कालव्याच्या तोंडाशी एका जहाजात इंधन भरत असताना पाइपाचा जोड निसटला. काळं घट्ट तेल पाण्यावर पसरायला लागलं. धक्क्यावर फेऱ्या मारणाऱ्या प्रशांत सरांनी ते पाहिलं आणि ते वायरलेसवर ओरडले, "अरे, आधीच कोणी सुरुवात केली? अजून कुरमुरे टाकलेच नाहीत!"

सरावात तेलाच्या जागी कुरमुरे टाकायचे होते. तीन पोती मागवली होती, त्यातल्या एकाची टोळीने आदल्या दिवशीच भेळ केली होती.

"सर, हे कुरमुरे नाहीत," बदरुद्दीन म्हणाला. वारा कुठून आहे ते त्याने मानेवरच्या घामावरून ओळखलं. तेल सरळ शेजारच्या प्लांटकडे निघालं होतं, जिथे समुद्राचं पाणी ओढून पिण्याजोगं करतात. प्लांटवाल्यांना पंप बंद करायला अर्धा तास लागणार होता. तोवर तेल आत गेलं की आसपासच्या गावांच्या नळांना कोरड.

तो कंटेनरकडे धावला. दारात स्टोअरकीपर दयानंद चावी मुठीत धरून उभा होता. कुडाळचा माणूस, हिशेबाचा पक्का. प्राण गेला तरी सहीच्या कागदाशिवाय वस्तू सोडणार नाही.

"दया, उघड!"

"बदरूभाय, मॅडम येवच्या आदी प्लास्टिकाक हात लावूचो नाय," दयानंद म्हणाला. "माझी सही आसा त्येच्यार."

"अरे, तेल सांडलंय!"

"सांडांदे. मॅडमीक कोरो दाखवूचो आसा."

बदरुद्दीनने त्याच्या मुठीतून चावी हिसकावली, दार उघडलं आणि मासे कापायचा सुरा प्लास्टिकात घातला. प्लास्टिक टरटर फाटलं तसा दयानंद असा कळवळला, जणू लेकीच्या लग्नातला शालूच कोणी फाडतंय. पण वाऱ्याबरोबर तेलाचा वास आत आला. मग दयानंदनेच बूमच्या दुसऱ्या टोकाला हात घातला.

खरी गंमत पुढे. बूमचे दहा तुकडे होते आणि ते जोडायच्या क्लिपा नव्या तऱ्हेच्या. कशा लावायच्या ते कोणाला माहीत असणार? वेष्टन कधी उघडलंच नव्हतं, आणि माहितीचं पुस्तकही त्या वेष्टनातच, कुठेतरी तळाला. टोळीतल्या सगळ्यांनी एकेक क्लिप हातात घेऊन उलटसुलट फिरवून पाहिली. बदरुद्दीनला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. अकरा वर्षं फोरमन म्हणून मिरवलो आणि हातात आलेली वस्तू जोडता येत नाही.

"क्लिपा जाऊ देत," तो म्हणाला. "दोरी आणा. जाळ्याची गाठ मारू."

ती गाठ बापाने त्याला सातव्या वर्षी शिकवली होती, पाठीत दोन रट्टे घालून. दहा तुकडे, नऊ सांधे. दोन बोटींनी बूम ओढत नेला आणि प्लांटच्या तोंडासमोर आडवा धरला. काही सांध्यांतून थोडं तेल झिरपलं, ते पोत्यांनी टिपलं. बाकीचं काळं पाणी बूमला टेकून थांबलं. दहा वाजता ठरल्याप्रमाणे भोंगा वाजला. कोणाच्याही अंगात धावायचं त्राण नव्हतं.

त्याच वेळी तपासनीस शमसा मॅडम धक्क्यावर उतरल्या. ओमानी बाई, काळ्या अबायावर पिवळं हेल्मेट. प्रशांत सर घाईने पुढे झाले आणि तोंडभर हसत म्हणाले, "मॅडम, ड्रिल सुरू केलं. एकदम रिअल ठेवलंय."

शमसा मॅडमनी वाकून धक्क्याला टेकलेल्या बूमच्या कडेवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग बूमच्या शेपटाला लोंबणारं फाटकं प्लास्टिक पाहिलं, दोरीच्या गाठी पाहिल्या आणि थेट बदरुद्दीनला विचारलं, "ये ड्रिल है?"

प्रशांत सर मागून डोळ्यांनी विनवत होते. हो म्हटलं तर पास, हे बदरुद्दीनला कळत होतं. मुस्कानची पुस्तकं, तिचं हॉल तिकीट, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याला भीती वाटली. पण कोपरापर्यंत तेलाने माखलेल्या माणसाला खोटं बोलायचा फार कंटाळा येतो.

"नो मॅडम. ओरिजिनल है. और बूम आज पहली बार खोला. क्लिप लगाना किसी को नहीं आता."

"पहली बार? क्यों?"

"आपके लिए रखा था."

शमसा मॅडम खो-खो हसल्या. त्यांच्या आईने कॉफीची चांगली किटली अशीच कपाटात ठेवली होती, म्हणाल्या. आई गेल्यावर पाहिली तर तळ गंजलेला. मग हसू पुसून त्यांनी कागदावर तीन वाक्यं लिहिली आणि वाचूनही दाखवली. सराव झाला नाही. बूम कोणाला जोडता येत नाही. पाणी वाचलं. यातल्या कुठल्या वाक्याला किती वजन द्यायचं ते साहेब लोक ठरवतील, म्हणाल्या.

इकडे प्रशांत सरांनी हेड ऑफिसला मेसेज धाडला, "आपत्तीमुळे आजचा आपत्कालीन सराव रद्द." शब्दाला शब्द असाच. तो अजून टोळीतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे.

आठ दिवसांनी, गुरुवारी निकाल आला. कंत्राटाला जूनपर्यंत मुदतवाढ. अट अशी की दर महिन्याला न सांगता सराव, आणि याच बूमने.

संध्याकाळी बदरुद्दीन अझैबाला घरी पोचला, बातमी सांगितली आणि चपला काढायच्या आधी शोकेस उघडून सोनेरी काठाचे तीन कप बाहेर काढले.

"कोण येतंय?" खतिजा धास्तावली.

"कोणी नाय. चाय ओत."

"एक फुटला तर सेट तुटतो!"

"तुटू दे."

मुस्कानने पुस्तकातून मान वर केली. "अब्बा, हे कप रिअल आहेत? मला वाटायचं, फक्त शोचे."

खतिजाने त्याच्याकडे वेडा झालाय अशा नजरेने पाहिलं, पण चहा ओतला. तिघांनी प्याला. लगेच तिने कप स्वतः धुतले, पुसले आणि शोकेसमध्ये लावून कुलूप घातलं.  दहा वर्षांची सवय एका चहाने जात नाही.

सकाळी तो उठला तेव्हा शोकेसमध्ये पाचच कप होते. सहावा मुस्कानच्या टेबलावर, पुस्तकांच्या बाजूला, वाफाळत होता.

"परीक्षेपर्यंतच," स्वयंपाकघरातून खतिजा म्हणाली.