बांधाआडचं दुखणं

वांग्याच्या प्लॉटात फवारणी चालली होती आणि जोतीराम हवालदार पाठीवरचा पंप उतरवून परत बांधाआड गेले होते. सकाळपासनं असंच चाललेलं. जायचं, उभं राहायचं, उभंच राहायचं, आणि चार थेंबांवर समाधान मानून परत यायचं. पोरगा जयराज पलीकडच्या ओळीतनं बघत होता, पण बापाला असलं कसं विचारायचं म्हणून मान खाली घालून फवारत राहिला.

हवालदारांनी यावर आपला आपण इलाज काढला होता. पाणीच प्यायचं नाही. उन्हात अंगातनं घामाच्या धारा लागल्या तरी नुसती चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. फौजेत राजस्थानची वाळू तुडवलेला गडी, तो तहानेला काय भितोय! बायको चंद्राबाई म्हणायची, साखर वाढली असेल, तपासून या. हे म्हणायचे, वय झालं की असं होतंच, त्यात तपासायचं काय.

तसा माणूस बेफिकीर नव्हे. त्या भागात बरेच जण करतात तसे त्यांनीही विहिरीजवळ घरच्या खाण्यापुरते वाफे वेगळे राखले होते. बाजारच्या वांग्याला औषधावर औषध, घरच्या वाफ्यात थेंब नाही. नातवाच्या ताटात बाजारचं वांगं दिसलं तर घर डोक्यावर घ्यायचे. आणि स्वतः? पिपात औषध ओतून कोपरापर्यंत उघडा हात घालून ढवळायचे. काठी शेजारी पडलेली असायची, पण नीट विरघळलं का नाही ते म्हणे हातालाच कळतं. गावातले निम्मे लोक तसंच ढवळतात. औषध तोंडातनं गेलं तरच बाधतं, असा सगळ्यांचा पक्का समज. आणि ती घरची भाजी तरी हवालदार कुठं खात होते? त्यांना ताटात मटण लागायचं, नाहीतर काहीतरी तळलेलं. पालेभाजी गुरांपुढं टाका म्हणायचे.

मग एका दुपारी ते चार थेंबही आले नाहीत. पोट टम्म फुगलं, माणूस पायरीवर बसून कण्हायला लागला. जयराजनं गाडीत घालून आष्ट्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं लघवीची नळी घातली तेव्हा हवालदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून नाही, सुटलो म्हणून.

तिथल्या अनीश डॉक्टरांनी तपासलं. पुरुषाच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, ती सुजलीय आणि एका बाजूला कडक लागतेय, सांगलीला तुकडा काढून तपासावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. मग काय खाता, काय करता, सगळं विचारलं. पिपात हात घालायचं ऐकल्यावर ते लिहायचे थांबले.

"ही ग्रंथी शरीरातल्या हार्मोनच्या हुकमावर चालते, हवालदार. फवारणीची काही औषधं तो हुकूमच बिघडवतात. आणि ती कातडीतनंही आत जातात."

"म्हंजे माजं त्येनंच झालं म्हना की."

"तसं छातीठोकपणे कुणालाच सांगता येणार नाही. वय आहे, खाणं आहे. पण भावांना आणि मुलाला तपासायला सांगा. रक्ताच्या नात्यात हे जास्त सापडतं."

सांगलीचा रिपोर्ट आला. कॅन्सर निघाला. हाडापर्यंत पोचलाय का, ते अजून बघायचं होतं.

चंद्राबाई दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, लोकांना मुतखडा सांगा. तिचंही बरोबर होतं. असल्या जागेचं दुखणं आपल्याकडं पारावर निघतं ते चेष्टेलाच. गावानं मुतखडा ऐकला, पानफुटीचा रस सुचवला आणि विषय मिटला.

पण एकदा हवालदार पारावर बसले असताना शेजारचा कोंडीबा गप्पांतनं उठला आणि देवळाच्या भिंतीआड गेला. गेला तो येईचना. हवालदार त्या भिंतीकडंच बघत राहिले. कोंडीबा नाडी बांधत परत आल्यावर ते उभे राहिले.

"मला मुतखडा न्हाई. परोस्टेटचा कॅन्सर हाय. ज्येला ज्येला येळ लागतूय त्येनं माज्यावानी गप बसू नगा. आन् पिपात हात घालायचं बंद करा."

कुणीतरी हसलं. कुणाला एकदम म्हशीची आठवण झाली. बघता बघता पार रिकामा झाला.

दिवेलागणीच्या सुमाराला कोंडीबा हवालदारांच्या घरी परड्याकडनं, मागल्या दारानं आला. इकडचंतिकडचं बोलला आणि जाता जाता हळूच डॉक्टरांचं नाव विचारून गेला. त्याच्या पाठोपाठ चुलतभाऊ लालासाहेब. मग वरच्या आळीचे दोघं, वेगवेगळे. पारावर हसलेला पण आला. हे आपल्या एकट्यालाच होतंय, असं ज्याला त्याला वाटत होतं. आधी हवालदारांना बरं वाटलं, चला, बोललेलं वाया गेलं नाही. पण येणारी माणसं थांबेनात तसे ते एकेक नाव बोटांवर मोजायला लागले. ह्या गावाला झालंय तरी काय?

शेवटी जयराजनं परड्याचं दार लावलं. आत न जाता तो बापाच्या खाटेजवळ येऊन उभा राहिला.

"आबा, चाळिशीतल्या मानसाला तपासत्यात का वो त्ये डॉक्टर?"

हवालदारांनी सरकून खाटेवर जागा केली. पोरगा बसला, पण त्यानं बापाकडं बघितलं नाही.

"कवापासनं रं?" त्यांनी विचारलं.