साहेबांच्या शिक्क्याचा काटा

वजनमापे तपासणाऱ्या साहेबांनी आजवर शेकडो दुकानदारांना घाम फोडला होता, पण स्वतः काट्यावर पाय ठेवायची वेळ त्यांनी शिताफीने टाळली होती. लग्नाच्या सुमारास ते अठ्ठ्याण्णव किलो भरले होते. तोच आकडा अजून सांगत होते, जणू त्यानंतर जेवलेच नव्हते.

डॉक्टरांनी सायकलवरून कामाला जा म्हणून बजावलं, तेव्हा लेकीने लगेच कॅरिअरवरची जागा पटकावली. तिची शाळा वाटेवरच होती. म्हणून सुट्टीच्या दिवशी साहेब चिमीचा हात धरून सायकलच्या दुकानात आले.

"ही घ्या," सायकलवाला म्हणाला. "जाड टायर, मजबूत सांगाडा. एकशेवीस किलोपर्यंत बघायला नको. आपलं वजन?"

"अठ्ठ्याण्णव. आणि ही बावीस." बेरीज बरोब्बर बसली म्हणून साहेब खूश झाले.

सायकलवाल्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एकदा काट्यावर उभे राहता का? मागच्या चाकाचा प्रश्न आहे."

कोपऱ्यात पार्सलं तोलायचा काटा होता. चिमी टक लावून बघत होती, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. साहेब खांद्यावरची पिशवी खाली ठेवून चढले.

एकशे एकतीस!

साहेबांना दरदरून घाम फुटला. "काटा बिघडलाय तुमचा!" सवयीने आवाज चढला. तपासणीची ती पिशवी सुट्टीच्या दिवशीही सोबत असायचीच. खाली उतरून तिच्यातलं पाच किलोचं पितळी वजन त्यांनी काट्यावर ठेवलं. पाच. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. मग बाजूचा शिक्का दिसला. गेल्याच महिन्यातला, त्यांच्याच हातचा.

खरा हादरा त्यानंतर बसला. एकशेवीसची सायकल, तिच्यावर एकशे त्रेपन्नचा भार, शाळेजवळचा तो उतार आणि मागे बसलेली चिमी. चार ग्रॅमच्या लबाडीसाठी दुकानदारांना फैलावर घेणारा माणूस तेहतीस किलोंच्या लबाडीवर पोटच्या पोरीला बसवायला निघाला होता.

"दुसरी आहे एक," सायकलवाला हळूच म्हणाला. "मागच्या चाकाला चाळीस स्पोक, दुपदरी रिम. एकशेपन्नासपर्यंत चालेल. पण तुम्ही दोघं मिळून तीन किलो जास्त भरता."

"तीनच ना?" चिमी म्हणाली. "मग मी थोडे दिवस जेवत नाही, बाबा."

साहेब मटकन शेजारच्या खोक्यावर बसले. काड्यांसारखे हातपाय त्या पोरीचे, आणि ती जेवण सोडायला निघाली होती!

"तू पोटभर जेवायचंस," ते म्हणाले. "तीन किलो माझे." मग सायकलवाल्याकडे वळले. "ती चाळीस स्पोकवाली द्या. कॅरिअर काढून ठेवा तूर्तास. दर आठवड्याला येईन मी, याच काट्यावर."

"पण काटा बिघडलाय ना, बाबा?"

"नाही, बाळा," साहेब म्हणाले. "मीच तपासलाय तो."