नव्या कॅमेऱ्याची मखमल

मित्रांनो, मी एक जुना, दोन डोळ्यांचा कॅमेरा आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. आधीच सांगून टाकलेले बरे.

गोंडपिपरीच्या नानाजींच्या फोटो स्टुडिओत माझी उमेदीची वर्षे गेली. माझ्यात पाहायचे तर मान खाली घालावी लागते. त्यामुळे तालुक्यातल्या एकूणएक नवरीपुढे नानाजी वाकले ते माझ्यामुळेच. लोक म्हणत, "फोटो काढावा तर नानाजीनंच." माझे नाव कोणी घेत नसे, तरी मी फुगत असे.

पंच्याऐंशी साली नवा कॅमेरा आला. डोळ्याला लावायचा, ऐटदार! नानाजींनी त्याला लाल मखमलीत गुंडाळले, वर प्लास्टिक, वर लोखंडी पेटी. पावसाळाभर तो राजासारखा झोपला. मी चुलीजवळच्या खुंटीवर धूर खात त्याच्या मखमलीवर जळत होतो. मला साधी चिंधीही नव्हती.

त्या शरदात चंद्रपूरच्या एका छापखान्याने कॅलेंडरसाठी डोंगराचा रंगीत फोटो मागितला. घरोघरच्या भिंतीवर आपले नाव लागणार म्हणून नानाजी हरखले. निघताना त्यांच्या बायकोने, गोकुळाबाईंनी, माझ्यातही रंगीत रोल भरून मला डब्याच्या पिशवीत टाकले.

"त्याले कायले घेतेस?" नानाजी म्हणाले.

"येऊ द्या जी. किती दिस धूर खाईन बिचारा?"

भामरागडच्या डोंगरात साग तांबूस झाला होता, गवत सोनेरी. पण आभाळाचा भरवसा नव्हता. ऊन पडते न पडते तोच आंध्राकडून ढग चढत. सर आली की नानाजी स्वतः भिजत आणि छत्री नव्यावर धरत. मी पिशवीत डब्याखाली चडफडत होतो. अखेर नव्याचा रोल संपला आणि नेमके तेव्हाच ढग फाटले. ओले डोंगर झळाळून उठले. नानाजींनी घाईघाईने मला बाहेर काढले. मी डोळे भरून पाहून घेतले.

रोल धुवायला नागपूरला गेले. परत आले, तर माझे फोटो लख्ख आणि नव्याचे सगळे दुधाळ.

"धुकं होतं," नानाजी म्हणाले.

"धुकं का एकाच कॅमेऱ्यावर उतरलं होतं?" गोकुळाबाई म्हणाल्या.

उजेडात धरून पाहिले, तर नव्याच्या काचेत बुरशीचे पांढरे जाळे! बंद पेटीतल्या ओलीने लाडक्याचा डोळा खाल्ला होता. माझे डोळे चुलीच्या उबेने कोरडे राहिले होते. कॅलेंडरवर माझाच डोंगर छापला. खोटे कशाला बोलू, फार गोड वाटले.

पण नानाजींनी निदान केले, "काचच खराब होती. दुकानदारानं ठकवलं मले." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तुले जपतो रे." तीच मखमल, तेच प्लास्टिक, तीच पेटी.

मित्रांनो, मखमल मऊ आहे, मला वाटली होती तितकीच. पण बाहेर पाऊस वाजतो आहे आणि पेटीत ओल चढते आहे. तुमच्या घरी जिवापाड जपलेली एखादी वस्तू असेल, तर तिला उघडा, हवा लागू द्या, कामाला लावा. आणि गोंडपिपरीला जाणे झाले, तर गोकुळाबाईंना तेवढा निरोप द्या: दिसते आहे तोवर मला बाहेर काढा.