इत्तोची बारी

आमच्या डोंगरात माणूस एक वेळ सोयरीक विसरेल, पण पाण्याची बारी विसरणार नाही. वरच्या झऱ्यापासून पाट निघतो, एकोणीस घरांच्या शेतांतून फिरतो आणि एकोणीस दिवसांनी पुन्हा पहिल्या घराशी येतो. आपली बारी दुसऱ्याला देता येते, बदलून घेता येते. चुकवली तर गेली. भावाभावांत कुऱ्हाडी निघाल्या, पण हा कायदा कुणी मोडला नाही.

म्हणूनच पाच वर्षांपूर्वी यामनाच्या लेकीचा, इत्तोचा प्रश्न आला, तेव्हा गावाला दुसरं काही सुचलंच नाही. इत्तो जन्मापासून कमरेखाली अधू. बाप कासाब्लांकाला बांधकामावर इमारतीवरून पडून गेला. शाळा खाली ओढ्यापलीकडे, दोन कोसांचा उतार. शहरातल्या संस्थेची सिहामबाई महिन्यातून एकदा यायची, इत्तोच्या पायांचा व्यायाम कसा घ्यायचा ते यामनाला दाखवायची. तीच एकदा मशिदीच्या अंगणात पंचांसमोर उभी राहिली. म्हणाली, "पोरगी हुशार आहे हो. तिला शाळेत पोचवणं एकट्या आईचं काम नाही, गावाचं आहे."

सगळ्यांनी पाटकरी दद्दा बासूकडे पाहिलं. पाण्याचा हिशोब तोच ठेवायचा. त्यानं दाढी खाजवली. "मग पाण्यासारखंच करा की. एका घराचा एक दिवस. ज्याची बारी, त्याचं खेचर."

आणि खरंच जमलं! रोज सकाळी यामनाच्या दारात एक खेचर उभं. कुणाचं अडेल, कुणाचं वाटेत पाला ओरबाडणारं, इत्तोला सगळ्यांच्या खोडी पाठ. यामनाची मान ताठ राहिली ती यामुळेच. हा उपकार नव्हता, बारी होती. इत्तो पहिलीतून वर वर सरकत गेली, मास्तरांनी मध्ये दोन वर्गांची एकदम परीक्षा घेतली, आणि या साली ती सहावीच्या मोठ्या परीक्षेला आली. ती पास झाली की शहरात मुलींचं वसतिगृह. सिहामबाईनं तिथं तळमजल्यावरची खाट बोलून ठेवली होती. यामनानं देवाकडे मागायचं तेवढं एकच ठेवलं होतं.

पण मग ओळीनं तीन हिवाळे बर्फच पडलं नाही. पाट दोरीएवढा झाला. माणसं शहराकडे निघाली, खेचरं बाजारात गेली. अशात मिमून म्हणाला, "माझं खेचर म्हातारं झालंय. इत्तोची बारी कुणी घेतंय का? बदल्यात माझं अर्धा तास पाणी घ्या."

दद्दा बासूनं विचार केला. "बारी ती बारी. राजीखुशीनं बदलली तर चालते."

या एका वाक्यानं घात केला. म्हाताऱ्याला मात्र वाटलं, काय नामी तोड काढली! त्या दिवसापासून इत्तोच्या दिवसाला भाव आला. आधी घरं आपसांत बदलत होती. मग जास्तीचं पाणी कुणाकडेच उरलं नाही, तेव्हा माणसं यामनाच्या दारात आली. "यामने, तुझं शेत पाटाच्या शेवटाला. तुझं निम्मं पाणी वाटेतच मुरतं. त्यापेक्षा मला दे, पोरीला मी नेतो."

यामना देत गेली. आधी अर्धा तास, मग तास, आणि या वसंतात तिच्या बारीचा एक थेंब तिच्या शेतात पडला नाही. इत्तोला तिनं सांगितलं, पाणी शेवटापर्यंत पोचतच नाही गं. रात्री भाकरीचा तुकडा तिच्यापुढे सरकवून म्हणायची, मी मघाशीच जेवले. सिहामबाईनं विचारलं, गाव नेतं ना पोरीला? "नेतं की बाई." खोटं कुठं होतं ते?

एकदाच यामना हे गाऱ्हाणं घेऊन दद्दाकडे गेली. दद्दा म्हणाला, "तू राजीखुशीनं देतेस ना?"

"देते."

"मग झालं तर."

परीक्षा दोन दिवसांची. पहिल्या दिवशी नेमकी यामनाच्या पाण्याची बारी होती, आणि ती तिनं शेजारच्या शेतातल्या हम्मूला दिली होती. हम्मू उजाडताच खेचर घेऊन आला. इत्तोनं धुतलेला झगा घातला होता, दप्तर छातीशी धरलं होतं. यामना बाजूनं चालत होती. वाट पाटाच्या कडेनंच जाते, त्याला काय करणार?

"आई, आज आपलं पाणी ना?"

"हो. तू गप धडे आठव."

"मग पाटाचं दारं हम्मूकाकाच्या कांद्यात का वळवलंय?"

हम्मू काही वाईट माणूस नव्हे, पण त्याच्या जिभेला हाड नाही. "तुझ्या आईनंच दिलंय की. फुकट कोण नेतंय आता? मिमून घेतो, ताम्मो घेते, मी एकटाच काय पापी?"

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं."

इत्तो पलीकडे आपल्या शेताकडे बघत राहिली. जव दाणा भरायच्या आधीच करपला होता. "तू म्हणालीस, पाणी पोचत नाही."

"आधी परीक्षा दे. मग हव्या तेवढ्या शिव्या घाल मला."

"मला उतरव."

"इत्तो, आठ वाजता पेपर आहे गं!"

इत्तोनं खोगिरावरचा हात सोडला आणि अंग झोकून दिलं. कोपरावर पडली. तशीच चिखलातून सरपटत दाऱ्यापाशी गेली आणि दोन्ही हातांनी पाणी अडवणारे धोंडे, माती उपसायला लागली. पाणी यामनाच्या शेतात वळलं. हम्मूकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेत ती स्वतःच आडवी बसली.

"अगं ए पोरी, ही पाण्याची चोरी झाली!" हम्मू रागावला नव्हता, घाबरला होता. "यामने, सांग तिला. दारं पुन्हा लाव, मी आत्ता निघतो. नाहीतर परत फिरतो. पाणी नाही तर खेचर नाही, असंच ठरलंय ना आपलं?"

यामना धावली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं लेकीला ढकललं आणि माती दाऱ्यात लोटायला लागली. इत्तोनं तिचं मनगट धरलं.

"मी नाही जाणार त्याच्यावर बसून. तू उपाशी राहायचं आणि मी गणितं सोडवू?"

यामनानं तिच्या थोबाडीत मारली. मग तिलाच कवटाळून रडली. हम्मू काहीतरी पुटपुटला आणि खेचर घेऊन माघारी गेला.

मग यामनानं बारा वर्षांच्या लेकीला पाठीवर घेतलं. ओला झगा, लोंबणारे पाय. "चल, मी नेते तुला." इत्तोनं आईच्या गळ्यात हात टाकले. दुसऱ्या वळणापर्यंत यामना गेली. तिथं ती खाली बसली. ती उठली, दहा पावलं चालली, पुन्हा बसली. तिथून खाली शाळेचं अंगण दिसतं. मुलं रांगेत उभी होती. बघता बघता रांग आत गेली आणि अंगण रिकामं झालं.

पाणी दिवसभर यामनाच्या शेतात वाहिलं. करपलेला जव उठत नाही हे काय तिला कळत नव्हतं? तरी तिनं दारं लावलं नाही. संध्याकाळी पंच बसले. दद्दा बासूनंच कायदा सांगितला: दिलेली बारी मोडली, यामनाच्या पुढच्या दोन बाऱ्या गेल्या. इत्तोच्या पेपराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात खेचराच्या टापा वाजल्या. दद्दा बासू होता, लगाम हातात धरून. "आज माझी बारी नाही," तो म्हणाला. "मला पाणी नको, काही नको. चल पोरी, दुसरा पेपर आहे."

इत्तो उंबऱ्याशी बसून होती. "एक पेपर बुडाला की सगळी परीक्षा गेली, दद्दा. खाट आता दुसरीला मिळेल."

दद्दानं यामनाकडे पाहिलं. ती हात पुसत पुढं आली आणि खेचराच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली.

"दद्दा, पाणी न घेता नेणारं हे खेचर दोन वर्षं तुमच्याच दारात होतं ना?"

"होतं." म्हाताऱ्याची मान खाली गेली. "मला वाटलं, पोरीची बारी चाललीय."

"चालली होती," यामना म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.