ढोलकीच्या माइकातला सवाल

तुम्ही खोटं बोललात, साहेब.

पांढरकवड्याच्या फवारणी जनजागृती मेळाव्यात कोणी काही विचारलंच नाही, असं तुम्ही पेपरवाल्यांना सांगितलं. गाणाऱ्या बाईचा माइक मध्येच बिघडला, तिचे शब्द स्टेजवर कोणाला ऐकूच आले नाहीत, हेही सांगितलं. तो माइक माझा होता. बिघडला नव्हता. त्याची वायर तुमच्या माणसानं उपटली, आणि ती उपटताना मी स्टेजच्या कडेला उभा होतो.

मी राजदीप. लोहाऱ्याला माझं रेकॉर्डिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे आणि एक कॉम्प्युटर. मेळाव्याचा साउंड माझाच होता. गाणी गावोगावी वाजवायची म्हणून तुमच्याच हापिसानं सीडी मागितली होती. त्यामुळे प्रत्येक माइकचा आवाज स्पीकरवर जात होता, आणि त्याच वेळी लॅपटॉपमध्ये आपापल्या ट्रॅकवर वेगळा उतरत होता. हे तुमच्या माणसाला माहीत नव्हतं.

आधी तुमचं भाषण झालं. हातमोजे, चष्मे, तोंडाचे मास्क, सगळं गावोगावी वाटलं म्हणालात. पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. मागची रांग एकमेकांची तोंडं पाहत होती. मग कोकिळाताईची गायन पार्टी बसली. ताईचा नवरा धम्मरत्न दुसऱ्यांच्या वावरात रोजीनं फवारणी करायचा. मागच्या हंगामात कपाशी छातीच्या वर गेली होती, औषध अंगावर उडत होतं. तो दवाखान्यातून घरी आला तेव्हापासून त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. त्याच्या हातात कधी हातमोजा नव्हता. तुमचं भाषण ताईनं मांडी घालून शेवटपर्यंत ऐकलं होतं.

तिसऱ्या गाण्यात तिनं पहिली ओळ घेतली, आणि वायर गेली. स्पीकरमधून तिचा आवाज गेला, नुसती पेटी उरली. ती गात राहिली.

दुसऱ्या दिवशी तुमचा माणूस दुकानात आला. "तिसरं गाणं उडव. बिघाड झालता नं त्याच्यात. बाकी चकाचक कर."

"बिघाड कोणं केला?"

"तुले मिक्सिंगले बोलावलं का चौकशीले?"

तो गेला आणि ताई आली. मी तिला पडद्यावर तिचा ट्रॅक दाखवला. आवाजाच्या लाटा डोंगरासारख्या वरखाली जात होत्या, आणि मग एकदम सरळ रेघ.

"हे काय बाप्पा, मेली काय मी?"

"वायर काढली नं ताई. तिथून पुढं सपाट."

"मंग लाव माइक, आत्ता गाते. गळा काही नेला नाई त्यानं."

मी माइक लावला. हेडफोन दिला. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाई रे राजदीप. आत्ता गायलं तं तो म्हणन, मागून घातलं. मले त्याच दिवसचा आवाज पाह्यजे. त्याच्या तोंडासमोरचा."

तिचं बरोबर होतं. मी बसलो.

एका स्टेजवर सगळे एकत्र गातात तेव्हा कोणताच माइक एकट्याचं ऐकत नाही. पेटीच्या माइकात गाणारी शिरते, गाणारीच्या माइकात टाळ. म्हणून पेटीचा ट्रॅक उघडला. ताई होती, पण पेटीच्या सुरात बुडालेली. लोकांकडं तोंड केलेला माइक उघडला. ताई होती, पण दूर, शेजारच्या गावात गातेय अशी, आणि वर जनरेटरची घरघर. पेटी कापली की ताईचाही गळा कापला जायचा. घरघर काढली की ताईच निघून जायची. त्यात लाइट गेली, यूपीएस बोंबलला, सेव्ह करायच्या आत सगळं बंद. लाइट आली, पुन्हा पहिल्यापासून बसलो. ढोलकीचा ट्रॅक तर मी सुरुवातीलाच म्यूट करून ठेवला होता. सगळ्यात मोठा आवाज तोच, त्याच्यात कोण शोधणार?

श्रावणदादा ढोलकी वाजवतात, ताईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसतात. काम कुठवर आलं ते पाहायला ते आले आणि पडद्याकडं पाहून उखडले.

"माया ढोलकीले काहून मुकं केलं बे?"

"दादा, तुमच्या थापेखाली ताई दबते."

"सवालाले मी थाप मारतो काय? डोकं घरी ठेवून आला का तू?"

मी कपाळावर हात मारला. लहानपणापासून या पार्टीचे कार्यक्रम पाहतोय. गाण्यात सवाल आला की दादा दोन्ही हात हवेत उचलतात, आणि समोरून जवाब येईस्तोवर चामड्याला बोट लावत नाहीत. दादांच्या बापानं घालून दिलेली रीत आहे. "सवालावर थाप मारली तं तो सवाल राह्यत नाई, गाणं होते," असं दादा म्हणतात. आणि मी आपला पडद्यावरच्या लाटा मोजत बसलेलो.

तुमच्या माणसानं ताईच्या तोंडापुढचा माइक मुका केला, साहेब. ढोलकीपुढं, खाली, चटईला टेकलेला माइक त्याला दिसलाच नाही.

म्यूट काढला. ढोलकीच्या लाटा धाडधाड येतात आणि अचानक थांबतात. त्या सपाट जागेत बारीकशी थरथर होती. ती वाढवली, खालची घरघर छाटली. जरा जास्तच छाटली, तर ताई डब्यातून बोलल्यासारखी वाटायला लागली. मागं गेलो, थोडी घरघर राहू दिली. मेळाव्यात जनरेटर होता, तर असू दे. मग पेटीच्या माइकातली ताई पुसटशी खाली जोडली, आणि तिचा आवाज उभा राहिला. एकटा, कोरडा, समोर:

"वाटले म्हणता हातमोजे, वाटले म्हणता चष्मे,
कोणत्या गावात, सायेब? त्या गावाचं नाव घ्या."

पुढं शांतता. मग सोफा करकरला, आणि अगदी जवळून एक आवाज आला, "पुढचं गाणं घ्या. पुढचं घ्या, पुढचं."

तो आवाज तुमचा आहे. पाहुण्यांचा सोफा श्रावणदादांच्या पाठीशीच होता. तुमच्या भाषणाचा ट्रॅकही माझ्याकडं आहे. दोन्ही एकाखाली एक लावून ठेवलेत, कोणीही येऊन ऐकावं.

दादा खदाखदा हसले. "ऐकूच नाई आलं म्हणे! मंग पुढचं कायले मांगून राह्यला होता?"

ताई हसली नाही. हेडफोन काढून तिनं विचारलं, "हा मधातला आवाज काढता येते?"

"येते. एका बटनात."

"मंग काढू नको."

तुमचा माणूस सीडी घ्यायला आला. मी त्याला तिसरं गाणंही ऐकवलं. तो उभ्यानं ऐकत होता, शेवटी शेवटी खुर्चीत बसला. "राजदीप, हे हापिसचं काम होय. पुन्हा बोलावणं येणार नाई तुले."

"नका बोलावू. पण न्यायची तं सगळी न्या. कापून मी देत नाई."

त्यानं सीडी टेबलावरच ठेवली. ती टेबलावर राहिली नाही. पहिली प्रत ताईनं घरी नेली, बाकी मोबाइलच्या दुकानांतून पसरली. आता उमरखेडपर्यंत फवारणीवाले पंप भरता भरता ती ऐकतात, तोंडाला बायकोच्या लुगड्याची चिंधी बांधून.

ताईच्या घरी मी होतो. धम्मरत्न बाजेवर बसून ऐकत होता. ताईचा सवाल आला, मग तुमचा आवाज आला, मग काहीच आलं नाही. त्यानं मान माझ्याकडं वळवली.

"मंग? काय म्हणला तो?"

"एवढंच," मी म्हणालो.

"एवढंच कसं? सवाल केला नं तिनं. लाव पुढचं."

पुढचं नाही, साहेब. सवालानंतरची ती रिकामी जागा मी तशीच ठेवली आहे. आवाज हळूहळू उतरवत गाणं संपवायची सोय माझ्या सॉफ्टवेअरात आहे, ती वापरलेली नाही. तुमचा जवाब आला की तिथंच जोडीन. एक शब्द कापणार नाही, माझा शब्द आहे.

श्रावणदादांचे हात अजून हवेतच आहेत. कोणत्या गावात वाटले? नाव सांगा.